होकुलेआवर नॅव्हिगेटर एकच असतो, मग बाकीचे खलाशी करतात काय?

प्रश्न रत्नागिरीहून आलेला आहे. विचारणाऱ्या ताई शिडाची होडी चालवायला शिकताहेत. गोव्यात फळ्या शिवून बांधलेलं ‘कौंडिण्य’ जहाज २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झालं. त्याबद्दल वाचता वाचता त्या हवाईच्या ‘होकुलेआ’पर्यंत पोचल्या. त्या विचारतात: नकाशा, होकायंत्र, घड्याळ यांतलं काहीही न वापरता समुद्र ओलांडणाऱ्या या नौकेवर वाट शोधणारा नॅव्हिगेटर एकच असतो, मग उरलेले दहा-बारा जण दिवसभर काय करतात? झोपतात कुठे, खातात काय, अंघोळ आणि शौचाचं कसं? बाईमाणसाला हे जमतं का? आणि भारतातल्या कुणाला तिथे शिरकाव मिळेल का?

मी बरीच वर्षं होनोलुलूला राहते. सँड आयलंडवरच्या गोदीत दोरबांधणी शिकत शिकत या कामात आले, मग खलाशी म्हणून बेटांमधल्या फेऱ्या केल्या आणि पुढे दक्षिण पॅसिफिकमधल्या ताहिती बेटाच्या वाटेवरही गेले. तेव्हा उत्तर खलाशाच्या बाजूने देते.

नॅव्हिगेटरच्या डोक्यात एक हिशोब अखंड चालू असतो. निघाल्यापासून नौका कुठल्या दिशेने किती गेली, वाऱ्याने आणि प्रवाहाने ती किती सरकली, आता आपण कुठे आहोत. कागदावर एक अक्षर नसतं. हा हिशोब एकदा तुटला की पुन्हा जुळवायला बाहेरून काहीच मिळत नाही. तो खरा राहावा म्हणून बाकी सगळे राबतात. सुकाणू धरणं त्यासाठी आहे हे उघडच आहे. पण वेळेवर भात शिजवणं, होडीच्या पोटातलं पाणी उपसणं आणि आपसात कुरबुर न करणं हेही त्याचसाठी असतं. खलाशाचं आयुष्य समजून घ्यायचं तर ही एक गोष्ट धरून चाला.

आधी नौकेबद्दल थोडं. होकुलेआ ही जोडनौका आहे: दोन अरुंद, लांब होड्या शेजारी शेजारी, त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळया आणि तुळयांवर डेक. लांबी सुमारे ६२ फूट, दोन डोलकाठ्या, खेकड्याच्या नांगीच्या आकाराची दोन शिडं. इंजिन नाही. बेन फिनी, हर्ब काने आणि टॉमी होम्स यांनी १९७३ साली पॉलिनेशियन व्हॉयेजिंग सोसायटी स्थापन केली आणि ८ मार्च १९७५ रोजी ओआहू बेटावरच्या कुआलोआ इथे ही नौका पाण्यात उतरली. होड्या प्लायवूड, फायबरग्लास आणि रेझिनच्या आहेत, त्यामुळे साहित्य जुनं आहे असं कुणी म्हणत नाही. घडण मात्र जुनी आहे. तुळया होड्यांना खिळ्यांनी वा बोल्टांनी ठोकलेल्या नाहीत, दोरीने बांधलेल्या आहेत. कित्येक किलोमीटर दोरी त्यात जाते. लाट आली की दोन होड्या जराशा वेगवेगळ्या हलतात, बांध ताण घेतात आणि सोडतात. रात्री आडवं पडल्यावर ही करकर कानाशी सतत चालू असते. आठवडाभरात तिची इतकी सवय होते की आवाज बदलला तर झोपेतून जाग येते आणि पहाऱ्यावरचा माणूस टॉर्च घेऊन तो बांध तपासायला गेलेला दिसतो.

आता सुकाणू. होकुलेआचं सुकाणू म्हणजे मागच्या बाजूला मधोमध बसवलेलं लाकडी, अजस्र वल्हं, त्याला ‘होए उली’ म्हणतात. समुद्र खवळला की एकट्याला ते आवरत नाही, दोघं-तिघं लागतात. वारा पुढून तिरका असेल आणि शिडं नीट लावलेली असतील तर नौका जवळजवळ स्वतःच स्वतःची दिशा धरते. मग होए उली उचलून ठेवायची आणि शिडांच्या दोऱ्या किंचित सैल-घट्ट करत राहायचं. वारा मागून आला की मात्र खरी मेहनत. प्रत्येक लाट शेपूट उचलते, नाळ, म्हणजे पुढचं टोक, एका बाजूला वळू पाहते आणि ती वळायच्या आत वल्हं दाबावं लागतं. लाट दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो; ती तळपायाला कळावी लागते. नवा माणूस नेहमी जास्त जोर लावतो, मग नौका नागमोडी जाते. जुने लोक जवळपास न हलता उभे दिसतात.

दिशा धरायची कशी? हवाईचे नॅव्हिगेटर नाइनोआ थॉम्पसन यांनी बसवलेल्या पद्धतीत क्षितिजाचं वर्तुळ ३२ घरांत वाटलेलं आहे, एकेक घर सव्वाअकरा अंशांचं. तारा ज्या घरात उगवतो त्याच नावाच्या पश्चिमेकडच्या घरात मावळतो. डेकच्या कठड्यावर खुणा कोरलेल्या असतात. मागच्या कोपऱ्यात नॅव्हिगेटरच्या जागी बसून त्या खुणांवरून पाहिलं की क्षितिजावरचं घर कळतं. सुकाणूवाल्याला एवढंच सांगितलं जातं: हा तारा त्या दोराच्या डाव्या अंगाला ठेव. तारा वर चढला की तो निरुपयोगी होतो, मग त्याच घरातून उगवणारा पुढचा तारा घ्यायचा. ढग आले तर लाटा. वाऱ्याने उठलेल्या आखूड लाटा वेगळ्या आणि दूरच्या वादळांतून आलेल्या लांब, संथ लाटा वेगळ्या; या दुसऱ्या दिवसेंदिवस दिशा बदलत नाहीत. त्या होडीच्या कुठल्या कोपऱ्याला आधी उचलतात हे धरून रात्र काढता येते. सूर्य फक्त उगवताना आणि मावळताना कामाचा, दुपारचा सूर्य दिशा सांगत नाही.

एक घर चुकलं तर काय होईल ते पाहा. होकुलेआ साधारण पाच नॉट, म्हणजे ताशी पाच सागरी मैल वेगाने जाते, दिवसाला सुमारे १२० सागरी मैल. सव्वाअकरा अंशांची चूक पूर्ण दिवस राहिली तर नौका ठरल्या रेषेपासून वीसहून जास्त मैल बाजूला जाते. हवाई ते ताहिती या वाटेवर चूक पश्चिमेकडे झाली तर ती फार महाग पडते. ताहिती हवाईच्या दक्षिणेला तर आहेच, शिवाय थोडं पूर्वेलाही आहे आणि वारे पूर्वेचे. एकदा पश्चिमेला घसरलात की वाऱ्याविरुद्ध परत चढणं अतिशय कठीण. म्हणून सुकाणूवाल्याने प्रामाणिक राहणं सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या चार तासांत नौका भरकटली असेल तर ते जसंच्या तसं सांगायचं: ‘मधले तासभर एक घर खाली गेलो.’ नॅव्हिगेटर ते आपल्या हिशोबात घालतो. न सांगितलेली चूक मात्र पुढच्या प्रत्येक दिवसाच्या हिशोबात बसून राहते.

वेग मोजायची रीत मला फार आवडते. पुढच्या आणि मागच्या ठरावीक तुळयांमध्ये ४२ फूट अंतर आहे. पाण्यावरचा फेसाचा बुडबुडा पुढच्या तुळईपाशी आला की मनात सेकंद मोजायला लागायचं, मागच्या तुळईपाशी आला की थांबायचं. २५ ला त्या सेकंदांनी भागलं की नॉट मिळतात: पाच सेकंद लागले तर पाच नॉट, चार लागले तर सव्वासहा. घड्याळ नको, फक्त मोजायची लय पक्की हवी. काही दिवसांनी पाण्याच्या आवाजावरूनच आकडा सांगता येतो आणि मग बुडबुडा पाहून खात्री करायची.

नॅव्हिगेटर सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला गेल्या बारा तासांचा हिशोब मिटवतो. मधल्या वेळात डुलक्या घेतो, सलग झोप जवळजवळ नसतेच. त्या वेळी त्याच्याशी उगाच बोलायला जायचं नाही हे कुणी पाटीवर लिहीत नाही, पण सगळे पाळतात. मागून ठरावीक अंतरावर एक सोबतीची नौका येत असते. तिच्यावर सगळी उपकरणं असतात, तिला आपली जागा अचूक ठाऊक असते आणि ती आपल्याला सांगत नाही.

पहाऱ्याचं गणित सोपं आहे. माणसांच्या तीन तुकड्या; सहा ते दहा, दहा ते दोन आणि दोन ते सहा, दिवसा एकदा, रात्री एकदा. चार तास काम, आठ तास मोकळे. पहाऱ्यात चौघं-पाच जण: एक सुकाणूवर, एक पुढे नजर ठेवायला, बाकीचे दोर, शिडं आणि पाणी पाहायला. दोन्ही होड्यांच्या पोटात थोडं पाणी येतच असतं. ते प्रत्येक पहाऱ्यात पाहायचं, हातपंपाने काढायचं आणि किती निघालं ते पहाऱ्याच्या प्रमुखाला सांगायचं. दोर कुठे घासतोय, गाठ सैल झाली आहे का, झाकणं घट्ट आहेत का, हे अंधारात हाताने चाचपून कळलं पाहिजे. ‘मोकळे’ आठ तासही पूर्ण मोकळे नसतात. शीड उतरवायची वेळ आली की सगळ्यांना हाक जाते.

कप्तान आणि नॅव्हिगेटर बहुधा वेगवेगळे असतात. वाट नॅव्हिगेटरची, माणसांची आणि नौकेची जबाबदारी कप्तानाची. याखेरीज डॉक्टर, स्वयंपाकी, मासे पकडणारा, सुतारकाम जाणणारा, नोंदी आणि चित्रण करणारा आणि शिकाऊ नॅव्हिगेटर असतात. प्रत्येकाला दोन-तीन कामं येत असतात, कारण आजारी पडणाऱ्याच्या जागी बाहेरून कुणी येणार नसतं.

झोपायची जागा म्हणजे ‘पुका’. होडीच्या पोटात, सामानाच्या वर फळ्या टाकलेल्या, त्यावर पातळ फोमची गादी आणि डोक्यावर कॅनव्हासचं तिरकं छप्पर. खांदे मावतील एवढी रुंदी. समुद्र अंगापासून वीतभर अंतरावर वाहतो. चांगल्या हवेत ही जागा सुखाची आहे. वारा वाढला की लाटा कॅनव्हासवर थडाथड आपटतात आणि शिवणीतून पाणी आत येतं. कोरडं राहायचा हट्ट सोडावा लागतो. ओल्या कपड्यांतच झोपायचं, पण पाय आणि जांघा जमेल तेवढ्या कोरड्या ठेवायच्या, नाहीतर खाऱ्या पाण्याने फोड येतात आणि बुरशी धरते. डॉक्टर रोज विचारतो: पाणी किती प्यालीस, लघवीचा रंग कसा आहे, पोट साफ झालं का. लाजून उत्तर न देणारी माणसं चौथ्या-पाचव्या दिवशी आडवी होतात.

स्वतःचं सामान ठेवायला प्रत्येकाला एक कूलर मिळतो, आपण सहलीला बर्फ घालून नेतो तसला. त्यात बर्फ नसतो, कपडे असतात, कारण त्याचं झाकण पाणी आत येऊ देत नाही. जे त्या पेटीत मावत नाही ते बरोबर येत नाही. माझ्या पेटीत कायम एक डबा शेंगदाण्याच्या लाडवांचा असायचा. मध्यरात्रीनंतरच्या पहाऱ्याला तो सगळ्यांचा व्हायचा.

जेवण डेकवरच्या लाकडी खोक्यातल्या दोन बर्नरच्या गॅस शेगडीवर होतं. खोकं तिन्ही बाजूंनी बंद, वारा लागू नये म्हणून. शिधा दिवसवार बांधलेला असतो: अमुक दिवसाचं पोतडं उघडायचं, त्यात आहे तेच खायचं, उद्याच्याला हात लावायचा नाही. हवाईत भात हे रोजचं अन्न आहे, त्यामुळे भात असतोच. त्याबरोबर डबाबंद मांस, सुका मासा, रताळी, अळकुड्यांसारखा ‘तारो’ आणि त्याची लापशी ‘पोई’. पहिले काही दिवस फळं, नंतर सुकामेवा. मागे दोन गळ कायम सोडलेले असतात. माहीमाही किंवा ट्यूना, म्हणजे आपला कुपा, लागला की पहाऱ्यावरचे ओरडतात आणि झोपलेलेही उठून येतात. मासा मोठा असेल तर पहिला तुकडा कच्चाच, नंतर सूप, उरलेला मीठ लावून दोरीवर वाळत. एक मोठा मासा सगळ्यांना पुरतो. तो लागला की गळ वर घ्यायचे, खाता येईल त्यापेक्षा जास्त मारायचं नाही. १९७६ च्या पहिल्या प्रवासात तर डुक्कर, कुत्रा आणि कोंबड्याही नौकेवर होत्या, कारण मूळ पॉलिनेशियन, म्हणजे हवाई-ताहितीसारख्या पॅसिफिक बेटांवरचे, लोक नव्या बेटांवर हेच प्राणी घेऊन गेले होते. आता प्राणी नेत नाहीत.

पिण्याचं पाणी मोजून. अंघोळ समुद्राच्या पाण्याने, बादलीला दोरी बांधून. चालत्या नौकेवरून भरलेली बादली हात ओढून नेते, म्हणून दोरी मनगटाला कधीही गुंडाळायची नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. खाऱ्या पाण्यात फेस धरणारा साबण वापरतात. पावसाची सर आली तर सगळे उघड्यावर येतात, कपडे धुतात, ताडपत्रीचं पाणी भांड्यात धरतात. शौचासाठी मागच्या बाजूला कठड्याबाहेर जाऊन बसायचं. कमरेचा पट्टा दोराला अडकवलेला, आणि जाण्याआधी पहाऱ्यावरच्या एकाला सांगून जायचं. परत आलं की पुन्हा सांगायचं. रात्री हा नियम कुणालाही माफ नाही, कप्तानालाही.

बाईला जमतं का, याचं उत्तर नौकेच्या इतिहासातच आहे. १९७६ मध्ये ताहितीहून परतताना खलाशांत स्त्रिया होत्या. २०१८ मध्ये होकुलेआची बहीण-नौका हिकिअनालिआ हवाईहून कॅलिफोर्नियाला गेली तेव्हा वाट लेहुआ कामालू यांनी दाखवली. रोजच्या गैरसोयीबद्दल सांगायचं तर आडोसा नावापुरता असतो. कपडे बदलताना बाकीचे पाठ करतात, पाळीचे दिवस बादली आणि बंद पिशव्या यांवर निभतात, आणि अशा वेळी मदत मागायला जवळची एक मैत्रीण आधीच ठरवून ठेवलेली बरी. ताकदीचा प्रश्न तुम्हाला वाटतो तेवढा येत नाही, कारण जड कामं दोघा-तिघांनी मिळूनच करायची असतात. मी जिथे थकले तिथे पुरुषही थकलेले पाहिले.

सगळ्यात अवघड भाग माणसांचा आहे, आणि यावर मी मुद्दाम सविस्तर लिहिते. १ मे १९७६ रोजी होकुलेआ हवाईतल्या माउई बेटाच्या होनोलुआ खाडीतून निघाली आणि ४ जूनला ताहितीच्या पपीते बंदरात पोचली. नॅव्हिगेटर होते मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाचे मौ पिआइलुग. त्या वेळी हवाईत ही विद्या जाणणारं कुणी उरलंच नव्हतं. प्रवासाने सिद्ध केलं की पॉलिनेशियन लोक चुकून, वाहत वाहत बेटांवर पोचले नव्हते, वाट ठरवून गेले होते. पपीतेच्या किनाऱ्यावर हजारो लोक लोटले. पण नौकेवर खलाशांत इतकी भांडणं झाली होती की मौ तिथूनच घरी निघून गेले आणि परतीच्या प्रवासात होकुलेआ नेहमीच्या उपकरणांच्या मदतीने आणावी लागली. ज्या विद्येसाठी सगळा खटाटोप केला ती विद्या माणसांच्या वागण्यामुळे किनाऱ्यावर राहिली. हे आजही प्रत्येक नव्या खलाशाला सांगितलं जातं, आणि मला ते कुठल्याही ताऱ्याच्या नावापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

म्हणून नौकेवर काही रीती आहेत. निघण्याआधी आणि पोचल्यावर मंत्रघोष होतो, त्याला ‘ओली’ म्हणतात. जेवणाआधी सगळे एकत्र येतात, दिवसातलं खटकलेलं सगळ्यांसमोर बोलायची मुभा असते, आणि बोलून झालं की विषय तिथे संपतो. पाठीमागे बोललेलं बासष्ट फुटांच्या नौकेवर लपत नाही. चिडलेला माणूस कप्तानाला लगेच ओळखू येतो. त्याला वेगळा पहारा देतात, शेगडीवर बसवतात, त्याच्याबरोबर मुकाट्याने दोर वळत बसतात. मी पाहिलेले चांगले कप्तान आवाज चढवताना क्वचित दिसले.

शांतपणाची खरी परीक्षा विषुववृत्ताजवळच्या निर्वात पट्ट्यात होते. उत्तर गोलार्धातले ईशान्येचे वारे संपतात, दक्षिणेकडचे आग्नेयेचे अजून लागायचे असतात. शिडं लोंबतात, आकाश चारी बाजूंनी करडं, उकाडा आणि अचानक कोसळणाऱ्या सरी. दिशा सांगणारं काही दिसत नाही आणि लाटाही गोंधळलेल्या. नॅव्हिगेटर तेव्हा सगळ्यात एकटा असतो. १९८० मध्ये नाइनोआ थॉम्पसन स्वतः वाट काढत ताहितीला गेले. उपकरणांशिवाय हे करणारे ते कित्येक शतकांनंतरचे पहिले हवाईयन. या पट्ट्यात, दाट ढगांत चंद्र दिसत नसतानाही तो कुठे आहे हे आपल्याला जाणवलं, असं त्यांनी सांगितलं आहे. मी ते सिद्ध करू शकत नाही. खलाशी म्हणून एवढं सांगते की अशा दिवशी शेगडीवर चहा वेळेवर होणं, पहारे मिनिट न चुकता बदलणं आणि कुणीही ‘आपण कुठे आहोत?’ असं न विचारणं, एवढंच आपल्या हातात असतं आणि त्याचा उपयोग होतो.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, पण हे वगळून चालणार नाही. १६ मार्च १९७८ रोजी होकुलेआ होनोलुलूहून ताहितीला निघाली. वारा जोराचा, सामान जड, सोबतीची नौका नव्हती. त्याच रात्री मोलोकाई बेटाच्या दक्षिणेला ती उलटली. माणसं रात्रभर उलट्या होड्यांना धरून होती. दुसऱ्या दिवशी एडी आइकाउ, नावाजलेले सर्फर आणि जीवरक्षक, मदत आणायला आपल्या सर्फबोर्डवरून लानाई बेटाच्या दिशेने निघाले. बाकीचे एका विमानाने प्रकाशबाण पाहिल्यामुळे वाचले. एडी पुन्हा सापडले नाहीत. आज जे नियम आहेत, म्हणजे सोबतीची नौका, पट्टे, पोहण्याची चाचणी, हवा पाहूनच निघणं, ते त्या रात्रीतून आले आहेत. माणूस पाण्यात पडल्याचा सराव वारंवार होतो. हाक देणं, तरंगतं काठी-निशाण फेकणं आणि एकाने फक्त त्या माणसाकडे बोट रोखून धरणं, नजर क्षणभरही न हलवता. इंजिन नसलेली नौका जागच्या जागी वळत नाही. ते बोट हललं तर लाटांत डोकं पुन्हा दिसत नाही.

जमीन जवळ आली की सगळ्यांचेच डोळे लागतात. इथे खलाशांचा उपयोग थेट होतो, कारण दहा जोड्या डोळ्यांना एका जोडीपेक्षा जास्त दिसतं. पांढरा टर्न, म्हणजे ‘मनु-ओ-कू’, बेटापासून १२० मैलांपर्यंत दिसतो, ‘नोइओ’ सुमारे ४० मैलांपर्यंत. रात्री हे पक्षी जमिनीवर परततात, म्हणून संध्याकाळी ते ज्या दिशेला जातात तिथे बेट. सकाळी उलट. १९८० च्या प्रवासात नाइनोआंचे गुरू म्हणून मौ पुन्हा नौकेवर होते. एका सकाळी एक पक्षी दिसला. नेहमीच्या नियमाने तो जमिनीकडून येतोय असं वाटायला हवं होतं, पण मौ म्हणाले, पक्ष्याच्या मागे चला. त्यांनी पक्ष्याच्या चोचीतला मासा पाहिला होता. विणीचा हंगाम होता, तो पिल्लांना भरवायला परत निघाला होता. थोड्या वेळात बेट दिसलं. आम्हाला पहाऱ्यावर पक्षी दिसला की ‘पक्षी’ एवढंच सांगून चालत नाही ते यामुळे. कुठला, किती, कुठून कुठे, किती उंच, चोचीत काही होतं का, हे सगळं सांगायचं.

भारतातून शिरकाव मिळेल का? होकुलेआवर तिकीट काढून जाता येत नाही, आणि मला ते योग्य वाटतं. ही हवाईच्या लोकांनी परत मिळवलेली विद्या आहे. जागा आधी त्यांच्या मुलांची. पण दार बंद नाही. रस्ता गोदीतून जातो. नौका ठरावीक काळाने बाहेर काढतात, बांध सोडून नव्याने बांधतात, लाकूड घासतात, वॉर्निश लावतात. महिनोन् महिने शनिवार-रविवार येणारी, न सांगता झाडू उचलणारी माणसं कप्तानांच्या लक्षात राहतात आणि खलाशांची निवड बरीचशी त्यातूनच होते. म्हणजे हवाईत राहणं भाग आहे. २०१४ ते २०१७ च्या पृथ्वीप्रदक्षिणेत होकुलेआ भारतात आली नाही. हिंदी महासागर ओलांडताना ती बाली, कोकोस बेटं आणि मॉरिशस अशी दक्षिणेकडून गेली. मॉरिशसच्या मराठी घरांनी बंदरावर जाऊन तिला पाहिलं असेल तर त्यांच्याकडून ऐकायला मला फार आवडेल.

रत्नागिरीत बसून मात्र बरंच करता येईल, आणि आकाश तुमच्या बाजूने आहे. होकुलेआ हे हवाईतलं नाव ज्या ताऱ्याचं आहे तो आपला स्वाती. हवाईचं मोठं बेट आणि मुंबई जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, त्यामुळे स्वाती दोन्हीकडे थेट डोक्यावरून जातो. ताहितीच्या डोक्यावरून जवळपास व्याध जातो. रत्नागिरीला स्वाती डोक्याच्या किंचित उत्तरेकडून जाईल, मेच्या मध्यावर रात्री सव्वाअकराच्या सुमारास. त्याच दिवसांत साडेनऊच्या आसपास भाट्याच्या किनाऱ्यावर उभं राहून दक्षिणेला त्रिशंकू पाहा. त्याचे वरचा आणि खालचा असे दोन तारे तेव्हा एकावर एक उभे असतात, त्यांच्यात सहा अंशांचं अंतर. हवाईत खालचा तारा क्षितिजापासून बरोबर तेवढाच, सहा अंश वर असतो. दोन्ही अंतरं सारखी दिसली की खलाशाला कळतं, हवाईचा अक्षांश आला. रत्नागिरीला खालचा तारा सुमारे दहा अंशांवर दिसेल. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची. आपली मूठ, बोटं आणि वीत किती अंशांची आहे हे एकदा मोजून पक्कं करा, ते जन्मभर पुरतं.

दुसरा सराव होडीवरचा. अनुभवी माणूस बरोबर घेऊन, किनारा नजरेत ठेवून, अर्धा तास फक्त लाटेच्या अंगावरून दिशा धरा. होकायंत्र बरोबरच्या माणसाच्या हातात, त्याने मध्ये काही सांगायचं नाही. शेवटी तुम्ही कुठल्या दिशेने किती वेळ गेलात ते आधी तुम्ही सांगायचं, मग त्याने.

आणि सोसायटीला कधी पत्र लिहिलंत तर तारे किती ओळखता येतात यावर परिच्छेद खर्च करू नका. उघड्या समुद्रात किती पोहता येतं, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालं आहे का, सुतारकाम, शिडाची शिवण, दोरकाम, पंचवीस माणसांचा स्वयंपाक यांतलं काय येतं आणि सलग किती महिने राहू शकाल, ते लिहा.